एका रात्रीचे नाटक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केशवराव भोसले नाट्यगृहातील पडलेली नाटकेही आम्ही कोल्हापूरकर आवडीने आठवतो. म्हणून आपल्या नाट्यविषयक सदरासाठी ब्रॉडवेवरील (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील) ‘मूस मर्डर्स’ हे रहस्यप्रधान विनोदी नाटक सुचवतो. २२ फेब्रुवारी १९८३ रोजी यूजीन ओ'नील थिएटरात त्याचा अधिकृत पहिला प्रयोग झाला आणि तोच शेवटचा ठरला. या फजितीची थट्टा करताना त्यातील अभिनेत्री हॉलंड टेलर मात्र विसरल्या जातात. आधीच्या प्रमुख अभिनेत्री ईव्ह आर्डन पूर्वप्रयोगांच्या (अधिकृत पहिल्या प्रयोगाआधीच्या प्रयोगांच्या) काळातच बाहेर पडल्यावर टेलर यांनी ती भूमिका ऐनवेळी स्वीकारली (पाठांतर तरी कसे झाले असेल!). पुढे १९९९ मध्ये त्यांना दूरचित्रवाणी मालिकेतील अभिनयासाठी एमी पुरस्कार मिळाला.

आपला,
एक नाट्यरसिक, कोल्हापूर