आप्पास पत्र : घड्याळ जोडताना

अमळनेर,
११ मे

प्रिय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा दुपारी पोचले. वडिलांचे एचएमटी जनता हे चावीचे घड्याळ तू चार वेळा खोललेस, चार वेळा पेट्रोलने धुऊन पुन्हा जोडलेस आणि चारही वेळा ते पाच-दहा मिनिटे चालून थांबले, हे वाचून मला फारसे आश्चर्य वाटले नाही. पण शेवटचे ‘आता पाचव्यांदा खोलतो’ हे वाक्य वाचले आणि मी चष्मा काढून खाली ठेवला. कृपा करून एवढ्यात खोलू नकोस. प्रत्येक खोलण्यात एखाद्या स्क्रूची खाच झिजते आणि एखादे केसाएवढे बारीक टोक वाकण्याची शक्यता वाढते. शिवाय हे घड्याळ घडवणारे कारखाने आता राहिले नाहीत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे बॅलन्सचे, म्हणजे झुलणाऱ्या चाकाचे, टोक मोडले तर दुसरे मेलेले घड्याळ शोधून त्याचा अवयव काढावा लागतो.

तुझी जोडण्याची पद्धत पत्रावरून मला स्पष्ट दिसते. तू एका बैठकीत सगळे भाग बसवतोस, तबकडी आणि काटे लावतोस, मग चावी देऊन कान लावतोस. ते थांबले की दोष बॅरलपासून, म्हणजे चावीची कमान (स्प्रिंग) ठेवलेल्या डबीपासून, सेकंदकाट्यापर्यंत कुठेही असू शकतो, म्हणून तू पुन्हा सगळेच खोलतोस. मीही बरीच वर्षे असेच केले. आता मी प्रत्येक टप्प्यावर थांबून यंत्राला एकच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर मनासारखे मिळाल्याशिवाय पुढचा भाग हातात घेत नाही. असे केले म्हणजे बिघाड दिसला की तो शेवटी बसवलेल्या भागातच असतो, किंवा त्या भागाने उघडा पाडलेला असतो.

पहिला प्रश्न चाकांच्या रांगेला विचारायचा. बॅरल, मधले चाक, तिसरे, चौथे आणि रांगेतले शेवटचे एस्केप चक्र एवढेच बसवायचे. पॅलेट (एस्केप चक्राचा एकेक दात सोडणारी छोटी तरफ) आणि बॅलन्स डबीत राहू द्यायचे. ब्रिज, म्हणजे चाकांवरची पट्टी, ठेवल्यावर स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक चाकाचे टोक आपापल्या ज्वेलमध्ये, म्हणजे ते ज्यात फिरते त्या भोकाच्या खड्यात, शिरले आहे की नाही, हे चिमट्याने हलकेच उचलून पाहायचे. प्रत्येक चाकाला वरखाली किंचित वाव असलाच पाहिजे. मग स्क्रू थोडा थोडा आवळत जायचे आणि प्रत्येक वेळी ब्लोअरची हळुवार फुंकर मारायची. चाके भिरभिरली तर पुढचा पाव फेरा, अडली तर तिथेच थांबायचे. सगळे आवळून झाल्यावर खटक्याचे (कमान मागे सुटू न देणाऱ्या अडसराचे) दोन-तीन दातच चावी द्यायची. रांग मोकळी असेल तर एस्केप चक्र झरझर फिरते आणि शक्ती संपताच एक पाऊल मागे येऊन निवांत होते. ते मागे येणे डोळ्यांना फार गोड वाटते. पूर्ण चावी मात्र या टप्प्यावर कधीही देऊ नकोस, कारण पॅलेटशिवाय चाके बेभान फिरतात.

इथे माझी एक फजिती सांगतो. गेल्या पोळ्याच्या सुमारास माझ्याकडे एक एचएमटी पायलट आले होते. स्क्रू सैल असताना चाके सुंदर फिरत आणि आवळले की मेल्यासारखी गप्प होत. एखाद्या चाकाचे टोक ज्वेलवर चढून बसले आहे, असा ठाम समज करून मी ब्रिज सहा वेळा उचलला. तिसऱ्या संध्याकाळी पत्नीने विचारले की एकच गोष्ट सहा वेळा करून काय मिळाले, तेव्हा कुठे मी स्क्रू एकेक करून आवळून पाहिले. दोन स्क्रूंनी काही होत नव्हते. तिसरा आवळताच रांग थांबत होती. तो काढून दुसऱ्याशेजारी ठेवला, तर तो स्पष्टपणे लांब होता. दुसऱ्या ठिकाणचा स्क्रू मी तिथे घातला होता आणि त्याचे टोक तळपट्टीतून पलीकडे निघून, तबकडीच्या बाजूला मी आधीच बसवलेल्या मिनिट चाकाच्या दातांना टेकत होते. स्क्रू सैल केला की टोक मागे सरे आणि घड्याळ निर्दोष होई. सगळे स्क्रू एकाच वाटीत ठेवण्याची सवय मी त्या रात्री सोडली. आता त्यांच्यासाठी जुना मसाल्याचा डबा वापरतो. एकेका ब्रिजचे स्क्रू एकेका वाटीत असतात, आणि घरी त्यावरून जे बोलले जाते ते तू ऐकलेच आहेस.

दुसरा प्रश्न बॅलन्सला, आणि तो पॅलेट न बसवताच विचारायचा. हा टप्पा तू पूर्णपणे गाळतोस, असे दिसते. नुसता बॅलन्स त्याच्या ब्रिजसह यंत्रात बसवून हलकी फुंकर मारायची. तो मोकळेपणाने झुलला पाहिजे, त्याचे झोके हळूहळू लहान होत गेले पाहिजेत आणि कुठेही एकदम मोडता कामा नयेत. यंत्र सपाट, मग उलटे, मग उभे धरून हेच पाहायचे. सपाट असताना चांगला झुलतो आणि उलटे केल्यावर लगेच थांबतो, तर त्या बाजूचे टोक किंवा त्याखालचा खडा घाणेरडा आहे किंवा झिजला आहे. हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटलेली नाहीत आणि बॅलन्सच्या दांड्याला कुठे टेकत नाहीत, हे भिंगातून बाजूने पाहायचे, वरून नव्हे. वरून सगळेच ठीक दिसते.

त्यानंतर पॅलेट. बॅलन्स काढून पॅलेट आणि त्याचा ब्रिज बसवायचा, दोन-तीन दात चावी द्यायची आणि पॅलेटचे शेपूट सुईच्या टोकाने अगदी हलके ढकलायचे. ते अर्ध्या वाटेवर आपणहून दुसऱ्या बाजूला टक्कन उडी मारते. उडी मारत नसेल किंवा आळसावून जात असेल, तर एकतर शक्ती पोचत नाही, किंवा पॅलेटच्या दगडांवर जुने तेल साचले आहे. पॅलेटच्या टोकांना मात्र तेल लावू नकोस. तू ‘सगळ्या ज्वेलमध्ये तेल सोडले’ असे लिहिले आहेस, त्यात याचाही समावेश असावा, असा मला संशय आहे. पॅलेट इतके हलके असते की तेलाची चिकट पकडच त्याला जड होते.

आता तुझ्या घड्याळाकडे येतो. पाच-दहा मिनिटे चालून ते थांबते, म्हणजे ते थांबलेले असतानाच तू त्याला सर्वांत जास्त विचारू शकतोस, आणि नेमके तेव्हाच तू हलवून ते पुन्हा चालू करतोस. यापुढे थांबले की हात लावू नकोस. आधी सेकंदकाटा कुठे आहे, मिनिटकाटा कुठे आहे, हे वहीत लिही. असे चार-पाच वेळा कर. सेकंदकाटा प्रत्येक वेळी साधारण त्याच जागी थांबत असेल, तर मिनिटाला एक फेरा घेणाऱ्या चौथ्या चाकाचा दात, त्यातील घाण किंवा खुद्द सेकंदकाटाच दोषी असतो. मिनिटकाट्याची जागा सारखी असेल, तर काटा काट्याला टेकतो किंवा मधल्या चाकाशी संबंधित काहीतरी अडते. दोन्ही जागा वेगवेगळ्या असतील, तर एस्केप चक्राकडे पाहा. हे घड्याळ तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५. एस्केप चक्राला १५ दात असतात आणि एक दात पुढे सरकायला २ ठोके लागतात, म्हणून ते ६ सेकंदांत एक फेरा घेते. त्यावरचा एक वाईट दात सेकंदकाट्याच्या दहा वेगवेगळ्या जागी घड्याळ अडवू शकतो, त्यामुळे नुसत्या नोंदींवरून तो पकडता येत नाही, पण कुठे पाहायचे ते कळते.

दुसरी चाचणी याहून मोलाची आहे. थांबलेल्या घड्याळाची चावी शिल्लक असताना, कमान न सोडता, फक्त बॅलन्स ब्रिजसह अलगद उचल. मग पॅलेट सुईने हलव. ते टक्कन उडी मारते का? मारत असेल, तर शक्ती शेवटपर्यंत पोचते आहे आणि दोष बॅलन्समध्ये आहे. चाकांची रांग खोलण्याचे काहीच कारण नाही. मेल्यासारखे पडले तर दोष रांगेत आहे आणि बॅलन्सला तू विनाकारण चार वेळा धुतलेस. एका सुईच्या स्पर्शाने घड्याळाचा अर्धा भाग संशयातून मोकळा होतो. मात्र त्यानंतर पॅलेटचा ब्रिज सैल करण्यापूर्वी खटका दाबून कमान पूर्ण सोडायलाच हवी. भरलेल्या कमानीवर पॅलेट काढले, तर रांग सुसाट सुटते आणि दात किंवा टोके मोडतात.

तुझ्या यंत्रात मला एका गोष्टीचा विशेष संशय आहे आणि तो खानदेशातल्याच माणसाला येईल. तू लिहिलेस की तुझे टेबल जिनिंगच्या बाजूच्या खिडकीशी आहे आणि ज्या हंगामात पहिल्यांदा घड्याळ खोललेस, तो कापसाचा होता. कापसाचा एखादा तंतू दोन चाकांच्या दातांमध्ये अडकला, तर तो रांग थांबवतो, पण लगेच नाही. तो दातांबरोबर फिरत राहतो, कधी टोकाभोवती गुंडाळतो आणि मग घड्याळ थांबते. फुंकर मारली की तो जागा बदलतो आणि घड्याळ पुन्हा चालते. हात पुसायला तू जुने सुती धोतर वापरतोस, तेही थांबव. चाकाच्या प्रत्येक दातावर भिंगातून तिरप्या उजेडात नजर फिरव. सरळ उजेडात पांढरा तंतू दिसत नाही.

उन्हाबद्दलही लिहितो. सध्या इथे पारा ४३-४४ वर आहे आणि दुपारी घाम ब्रिजवर पडतो, त्यामुळे मी पहाटे पाच ते आठ एवढेच काम करतो, पंखा बंद ठेवून. घामाने ब्रिजवर काळे डाग पडतात. तेल या हवेत पातळ होते आणि जास्त सोडले तर ज्वेलच्या वाटीतून बाहेर पसरून हेअरस्प्रिंगपर्यंत जाते. वेटोळी चिकटली की घड्याळ थांबण्याऐवजी जोरात पुढे धावू लागते. तसे कधी झाले, तर आधी होकायंत्र जवळ धरून पाहा, कारण चुंबक लागलेले घड्याळही असेच धावते. तेलाचे प्रमाण म्हणजे ज्वेलची वाटी अर्धी किंवा जरा जास्त भरलेली. त्याहून पुढे एक थेंबही नाही. बॅरल आणि जाड टोकांना घट्ट तेल, बारीक वेगवान टोकांना पातळ, एवढा भेद तू पाळत असशील, असे धरून चालतो.

मोबाईलवरच्या मोजणीच्या अॅपबद्दल तू विचारले आहेस. घड्याळ चालू आणि स्थिर झाल्यावर ते उपयोगाचे आहे; थांबणाऱ्या घड्याळाला मात्र ते लावून आकडे पाहणे म्हणजे अंगात ताप असताना वजन करत बसण्यासारखे आहे. परवा माझ्याकडे एक म्हातारे शेतकरी आले, त्यांनी आकडे न पाहता फक्त एवढेच विचारले, “चालू शे का?” प्रश्न तोच आहे. झोक्याचा कोन आणि ठोक्यांमधील फरक नंतर पाहता येतील.

वडिलांचे ते घड्याळ प्रताप मिलच्या भोंग्यावर लावलेले मी पाहिले आहे. ते कधी दोन मिनिटेही मागे पडत नसे आणि तुझे वडील भोंग्यालाच नावे ठेवत. त्यामुळे यंत्रात जन्माचा दोष नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. जे काही आहे ते तुझ्या खिडकीतून किंवा तुझ्या हातातून आत गेलेले आहे.

तू रविवारी नंदुरबारहून येतोसच, तर घड्याळ थांबलेल्या अवस्थेतच आण. येण्यापूर्वी चावी देऊ नकोस, मागचे झाकण नीट बसव आणि रुमालात न गुंडाळता एखाद्या काचेच्या झाकणाच्या डबीत ठेव. गाडीच्या हादऱ्याने ते मध्येच चालू झाले, तर दोंडाईच्याला झाले की नरडाण्याला, तेही घड्याळाबरोबर लिहून आण.

तुझा,
बापू