ईजीआर व्हॉल्व्ह साफ करण्याचे पैसे घेऊन पाइपमध्ये पत्रा बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : २०१४ च्या डिझेल व्हॅनचा ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा भाग) साफ न करता त्याची वाट पत्रा लावून बंद केल्याबाबत, तसेच या व्हॉल्व्हच्या देखभालीबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची २०१४ सालची, भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाची डिझेल व्हॅन मी स्वतः चालवतो. भांडुपला आमचे घरगुती जेवणाचे स्वयंपाकघर आहे आणि तेथून अंधेरीतील कार्यालयांना दुपारचे डबे पोहोचवण्यावर आमच्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो. लालबहादूर शास्त्री मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता या वाटेवर गाडी धावते कमी आणि थांबत-सरकत जाते जास्त, हे मुंबईत गाडी हाकणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. हा तपशील देण्याचे कारण असे की पुढील सर्व प्रश्नाचे मूळ त्यातच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचा पिकअप कमी झाला. उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर येई आणि सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरे. पूर्व उपनगरातील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवल्यावर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला आहे, असे निदान झाले. ते निदान बरोबर होते, याबद्दल माझी तक्रार नाही. जॉबकार्डवर आणि बिलावर ‘ईजीआर व्हॉल्व्ह क्लीनिंग’ असे स्पष्ट लिहून त्याची मजुरी माझ्याकडून घेण्यात आली. धूर थांबला, पिकअप परत आला आणि काम नीट झाले असे मी समजलो.

परंतु काही दिवसांतच चेक इंजिनचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला; दिवा पुन्हा लागला. कोड पी०४०१ होता, म्हणजे ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही. त्यानंतर मला संपूर्ण व्हॉल्व्ह असेंब्ली बदलण्याचा सल्ला देण्यात आला व तसे अंदाजपत्रकही हाती ठेवण्यात आले. एवढा मोठा खर्च करण्यापूर्वी मी विद्याविहारच्या एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडून तो भाग माझ्यासमोर उघडून घेतला. व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्टकडून येणारा पाइप यांच्या जोडात, पॅकिंगच्या बरोबर मापाने कापलेला, मधे भोकच नसलेला पत्रा बसवलेला होता. पत्रा नवा कोरा होता. व्हॉल्व्हमध्ये मात्र डांबरासारखी ओलसर, ऑइलचा वास मारणारी काजळी जशीच्या तशी होती आणि झडपेच्या बैठकीभोवती तिचा टणक थर जमल्यामुळे झडप अर्ध्यावर अडकलेली होती. साफसफाईचा कोणताही माग त्यावर नव्हता. त्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत, पत्राही मी जपून ठेवला आहे.

पत्रा लावल्यावर धूर थांबला, याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो. या वायूत ऑक्सिजन कमी असतो आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड व वाफ उष्णता शोषून घेतात, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्यापासून नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. वाट बंद केली की इंजिनाला सगळी ताजी हवा मिळते, काजळी घटते आणि ग्राहक खूश होतो. पण डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची घनता मोजली जाते, हे वायू मोजले जात नाहीत. म्हणजे अशी गाडी पीयूसीत बिनबोभाट पास होते आणि तिचा त्रास रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला, बसथांब्यावरील मुलांना आणि फेरीवाल्यांना होतो. हे माझ्या गाडीतून, माझ्या नकळत आणि माझ्याच पैशाने घडले, हे मला मुळीच मान्य नाही. शिवाय प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्था निकामी केलेली गाडी पकडली गेली तर कायद्याने जाब गाडीमालकालाच विचारला जाणार.

त्याच मेकॅनिकने मऊ ब्रश आणि कार्बोरेटर क्लीनर वापरून, विद्युत मोटरच्या भागाला द्रव लागू न देता, व्हॉल्व्ह माझ्यासमोर साफ केला आणि नवे पॅकिंग टाकून बसवला. झडप आता मोकळी हलते. तात्पर्य, असेंब्ली बदलण्याची गरज नव्हती. मात्र साफ झालेल्या झडपेची बंद स्थिती इंजिनाच्या संगणकाला नव्याने शिकवावी लागते आणि त्यासाठीचा स्कॅनर आपल्या सर्व्हिस सेंटरकडेच आहे.

माझी आणखी एक गंभीर हरकत आहे. गाडीसोबत मिळालेल्या सर्व्हिस पुस्तिकेत ऑइल, फिल्टर, कूलंट यांच्या मुदती दिल्या आहेत, ईजीआरचा उल्लेखच नाही. संथ वाहतुकीत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, कमी भारावर व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा राहतो आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ काजळीला चिकटपणा देते. त्यामुळे शहरात फिरणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये हा भाग भरणारच. महामार्गावर धावणाऱ्या आणि मुंबईत डबे पोहोचवणाऱ्या गाडीला एकच वेळापत्रक लावून चालणार नाही. व्हॉल्व्ह उघडून पाहणे, ईजीआर कूलरमधून (हा वायू थंड करणाऱ्या भागातून) कूलंट झिरपत नाही ना हे तपासणे आणि इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) थर काढणे यांना शहरी वापरासाठी ठरावीक मुदत असायला हवी.

तरी बिलातील क्लीनिंगची रक्कम परत करावी, झडपेच्या बंद स्थितीची नोंदणी स्कॅनरवर विनाशुल्क करून इनटेक मॅनिफोल्ड माझ्यासमोर तपासून द्यावे आणि पत्रा कोणाच्या सांगण्यावरून बसवला गेला, याची चौकशी करून मला लेखी कळवावे. आपल्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईजीआरची वाट बंद करू नये, असा लेखी आदेश काढावा. व्हॉल्व्हचे पॅकिंगही सुटे विकत मिळायला हवे. काही रुपयांच्या पॅकिंगसाठी पूर्ण असेंब्ली घ्यायला लावणे योग्य नाही.

या पत्रास ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, त्यामुळे गाडी धंद्याची आहे या सबबीवर ही तक्रार बाजूला ठेवू नये, ही विनंती.

सोबत : जॉबकार्ड, बिल व अंदाजपत्रकाच्या प्रती, स्कॅनरच्या अहवालाची प्रत, छायाचित्रे.

आपला विश्वासू,
व्हॅनमालक व चालक,
भांडुप, मुंबई