हसबय्याला जाण्याआधी

सातारा

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

लेबनॉनची ऑर्डर आल्याचं तुझ्या आईनं सांगितलं. ती काळजीत आहे, पण तिला मी सांभाळतो. सामानाची यादी तुला पलटणीत मिळेलच. मी तिथल्या माणसांबद्दल लिहितो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून मीही त्याच डोंगरात राहून आलोय.

आपल्या बटालियनचा इलाका दक्षिण लेबनॉनमधल्या हसबय्या गावाच्या आसपास. तिथं तुला द्रूझ लोक भेटतील. म्हाताऱ्यांची ढगळ काळी विजार आणि डोक्यावर पांढरी टोपी, त्यावरून लगेच ओळखशील. अकराव्या शतकात कैरोमध्ये सुरू झालेला हा पंथ. बाहेरच्या कुणाला ते पंथात घेत नाहीत. पुनर्जन्म मानतात, आणि द्रूझ माणूस मेला की त्याचा आत्मा दुसऱ्या द्रूझ घरातच जन्माला येतो अशी त्यांची पक्की श्रद्धा आहे. लढाईत ते मरणाला का भीत नाहीत, याचं कारण जुने लोक हेच सांगतात.

मी जनावरांच्या डॉक्टरसाहेबांबरोबर गावोगाव फिरायचो. एका घरी आजारी शेळ्या बघून झाल्यावर म्हाताऱ्यानं आम्हाला माते पाजलं. वाळक्या पानांवर गरम पाणी ओततात आणि एकाच धातूच्या नळीनं सगळे पाळीपाळीनं पितात. नळी पुढं देताना तो दरवेळी तिचं टोक लिंबाच्या सालीनं पुसायचा. तुला कुणी दिलं तर नको म्हणू नकोस, त्यांच्या मनाला ते लागतं.

हा म्हातारा मूळचा शूफचा, म्हणजे बैरूतच्या आग्नेयेच्या डोंगरातला. सासुरवाडीला येऊन राहिलेला. तरुणपणी तो जुम्ब्लातच्या मिलिशियात, म्हणजे पक्षाच्या खासगी सशस्त्र दलात होता.

कमाल जुम्ब्लात हा त्यांचा मोठा पुढारी. गांधीजींना मानणारा, वेदान्त शिकायला आपल्या देशात येऊन गुरूजवळ बसलेला माणूस. १९४९ साली त्यानं प्रोग्रेसिव्ह सोशालिस्ट पार्टी काढली, आणि १९७५ ला यादवी पेटली तेव्हा त्याच पक्षाची मिलिशिया उभी राहिली. अशा माणसाच्या नावानं गावागावात बंदुका वाटल्या जाव्यात, याचं मला अजून वाईट वाटतं. १६ मार्च १९७७ ला शूफच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या. संशय सीरियावर होता. राग मात्र निघाला शेजारच्या ख्रिस्ती गावांवर. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशी शंभराहून जास्त माणसं कापली गेली. कुठल्याही कारणानं ते माफ होणारं नाही.

मुलगा वलीद तेव्हा सत्तावीस वर्षांचा. बापाच्या खुनाचा संशय ज्याच्यावर, त्याच सीरियाच्या राष्ट्राध्यक्ष हाफिज असदशी त्यानं जुळवून घेतलं, आणि पुढं शस्त्रं आली ती सीरियाकडूनच. १९८२ ला लेबनॉनवर चालून आलेल्या इस्रायली फौजेच्या मागोमाग ख्रिस्ती मिलिशिया, लेबनीज फोर्सेस, शूफमध्ये शिरली. नाके बसले, माणसं पळवली जाऊ लागली. अशा वेळी कुठल्याही गावातली पोरं उठतीलच, त्यासाठी मी त्यांना गुंड म्हणणार नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये इस्रायली मागं हटले आणि डोंगरात घनघोर लढाई झाली. द्रूझ जिंकले. अमेरिकेच्या ‘न्यू जर्सी’ युद्धनौकेनं समुद्रातून त्या डोंगरांवर तोफा डागल्या, तरी ते हटले नाहीत. पण जिंकले म्हणजे काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेले हजारो ख्रिस्ती घरदार सोडून गेले.

म्हाताऱ्याच्या शूफमधल्या घरासमोर एक ख्रिस्ती सुतार राहायचा. म्हाताऱ्याच्या लग्नातलं कपाट त्यानंच केलेलं. सुतार बैरूतला पळाला आणि महिन्याभरात त्याच्या घराच्या खिडक्या, दारं, चौकटीसुद्धा लोकांनी उचकटून नेल्या. कुणी नेल्या ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. १९९१ ला मिलिशियांनी हत्यारं खाली ठेवली. पुढं विस्थापितांसाठी मंत्रालय झालं, त्याचा मंत्री खुद्द वलीद. ऑगस्ट २००१ मध्ये मारोनी या तिथल्या ख्रिस्ती पंथाचे मुख्य धर्मगुरू स्फेर शूफमध्ये आले, समेट झाला. मग सुताराचा मुलगा एकदा आला, जमीन विकली आणि निघून गेला.

अमोल, आपण सरहद्दीवर लढतो. ड्यूटी संपली की रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात जमा करतो, सुट्टी मिळाली की गावी येतो. मिलिशियावाल्याचं गाव हीच त्याची सरहद्द. ज्याच्यावर गोळी झाडली त्याचं दार रोज सकाळी समोर दिसतं. फौजी म्हणून त्यांच्याकडं बघताना हा फरक विसरू नकोस, नाहीतर त्यांना भित्रे तरी समजशील, नाहीतर शूर तरी.

म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना ‘तुम्ही कुणाकडून लढलात’ असं विचारायचं नाही. गावात एखादं पडकं घर दिसलं तर ते कुणाचं, हे चारचौघांत तर मुळीच नाही. इब्ल अस-साकीत ख्रिस्ती आणि द्रूझ दोघंही राहतात, तिथं एकाच्याच घरी सारखं जाऊन बसू नकोस. गस्तीवर असताना दोघांनाही सारखाच सलाम कर. अरबी चार शब्द शीक, आणि जनावरांच्या डॉक्टरांबरोबर जायची संधी मिळाली तर सोडू नकोस. त्यांच्यामुळं जेवढी दारं उघडतात तेवढी आपल्या रायफलींमुळं उघडत नाहीत.

थंडी फार असते. आईनं विणलेला स्वेटर पाठवतोय. पोचल्यावर आधी तिला फोन कर, मला नंतर केलास तरी चालेल.

तुझे,
आण्णा