बेडक्याची डबी परत करणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमधील एका शासकीय क्षयरोग प्रयोगशाळेत आपण तंत्रज्ञ म्हणून काम करता. आपली परवानगी न घेता आपले नाव चारचौघांत लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून या पत्रात आपल्याला केवळ ताई म्हणते. माझ्या धाकट्या भावाच्या आजाराचे अचूक निदान आपल्या हातून झाले, त्याबद्दल हे आभार आहेत. ते जाहीरपणे मानावेसे वाटले, कारण निदानाचे श्रेय सगळेजण त्या यंत्राला देतात आणि यंत्रात काय जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या माणसाचा उल्लेखही कोणी करत नाही.

भाऊ सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे. दिवाळीनंतर सुरू झालेला त्याचा खोकला आम्ही सर्वांनीच नाशिकच्या थंडीवर आणि कारखान्यातल्या धुळीवर ढकलला होता. वजन उतरू लागले तेव्हा एका ठिकाणी बेडका तपासला, त्यात जंतू दिसले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर बेडक्यात ते सुमारे पाच ते दहा हजार असावे लागतात, आणि त्याहून कमी असले तर रुग्णाला क्षयरोग असूनही अहवाल कोरा येऊ शकतो, हे आपण आम्हांला नंतर समजावून सांगितलेत. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आपल्याकडे सीबीनॅट, म्हणजे यंत्राने जंतूंचा डीएनए शोधण्याच्या तपासणीसाठी पाठवले, ते यासाठीच.

त्या सकाळी आपल्या खिडकीपुढे मोठी रांग होती. पेठ, सुरगाण्याहून पहाटेची बस धरून आलेली माणसे त्यात होती. भावाने दिलेली डबी आपण उजेडात धरून पाहिलीत आणि परत केलीत. ही लाळ आहे, बेडका नाही, असे आपण म्हणालात, पण त्या सांगण्यात कसलाही त्रागा नव्हता. आधीच ओशाळलेल्या माझ्या भावाला आपण ‘दादा’ म्हणून बाजूला नेलेत. साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखा, मग छातीतून खोकून काढा, आणि हे सगळे बाहेर मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर जाऊन करा, असे आपण सांगितलेत आणि नवी डबी हातात दिलीत. दुसऱ्या वेळी जे आले ते घट्ट, पिवळसर होते. ते पाहून आपण समाधानाने मान हलवलीत.

पहिलीच डबी आपण स्वीकारली असती तरी यंत्र चालले असते आणि काही तासांत अहवालही आला असता. त्यात कदाचित जंतू नाहीत असे लिहून आले असते, आणि महागड्या यंत्रातून आलेल्या त्या अहवालावर घरातल्या कोणीही शंका घेतली नसती. यंत्र तत्पर असते, पण चुकीचा नमुना मिळाला तर तेवढ्याच तत्परतेने चुकीचे उत्तर देऊ शकते. म्हणून मला त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम डबी परत करण्याचे वाटते.

पुढे आपण नमुन्यात बेडका पातळ करणारे दुप्पट द्रावण घातलेत, हलवून पंधरा मिनिटे ठेवलेत आणि त्यातला ठरावीक भाग कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या डबीत भरलात. जंतूंची आवरणे फोडून त्यांचा डीएनए बाहेर काढणे, त्यातील नेमका तुकडा असंख्य पटींनी वाढवणे आणि तो ओळखणे, हे सारे त्या बंद कार्ट्रिजमध्येच होते. तपासणी नीट पार पडली की नाही हे कळावे म्हणून आत निरुपद्रवी जिवाणूंचे बीजाणूही असतात, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली. मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतू असले तरी ही तपासणी त्यांना पकडू शकते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू ओळखला, त्यानंतर शतकाहून अधिक काळ जगभर मुख्य भिस्त सूक्ष्मदर्शकावरच होती. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला मान्यता दिली ती २०१० च्या डिसेंबरमध्ये.

अहवालात क्षयरोग निघालाच, शिवाय जंतू रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला दाद देत नाहीत असेही निघाले. या औषधाला न जुमानणाऱ्या बहुतेक जंतूंमधला बदल आरपीओबी नावाच्या जनुकाच्या एका छोट्या भागात असतो आणि यंत्र नेमका तोच भाग वाचते. हे त्याच दिवशी कळले नसते, तर भावाला नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. प्रयोगशाळेत घट्ट पोषक थरावर जंतू वाढवून तपासण्याच्या जुन्या पद्धतीत आठ-आठ आठवडेही जातात. तेवढा काळ तो निरुपयोगी औषध घेत राहिला असता, आणि आई व लहान पुतणी त्याच घरात त्याच हवेत श्वास घेत राहिल्या असत्या. आपण मात्र त्या दुपारीच डॉक्टरांना फोन केलात, आणि इतर औषधे या जंतूंवर चालतात का हे तपासण्यासाठी दुसरा नमुना घेऊन पुढे पाठवलात. रक्ततपासणी आणि हृदयाचा आलेख झाल्यावर बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची सहा महिन्यांची उपचारपद्धती सुरू झाली. आपल्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाने तिला २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. औषधांना एक पैसाही लागला नाही.

मध्यंतरी आम्ही तीच सीबीनॅट पुन्हा करून द्या म्हणून आग्रह धरला, तेव्हा आपण नकार दिलात. मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा यंत्राला सापडतो, त्यामुळे उपचार लागू पडत आहेत की नाही हे त्यावरून ठरत नाही, त्यासाठी जंतू वाढवूनच पाहावे लागतात, हे कामाच्या गर्दीतही आपण आईला कळेल अशा शब्दांत सांगितलेत. आई त्यानंतर निर्धास्त झाली. भावाचा उपचार आता पूर्ण झाला आहे, शेवटच्या तपासणीत वाढवून पाहूनही जंतू निघाले नाहीत आणि तो कामावर परतला आहे. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, कोणालाही लागण निघाली नाही.

एक विनंती करून थांबते. मी शाळेत मराठी शिकवते. बेडका कसा द्यावा, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास तपासणीला का यावे, याचा एक पानाचा मजकूर मी मोठ्या अक्षरांत लिहून काढला आहे. कोकणा आणि वारली बोलणाऱ्या, किंवा लिहितावाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी माझ्या विद्यार्थ्यांनी त्यासोबत चित्रेही काढली आहेत. आपण तो तपासून त्यातले चुकलेले दुरुस्त करून द्यावे आणि वरिष्ठांची अनुमती असल्यास आपल्या खिडकीशेजारी लावावा. छपाईचा खर्च भाऊ करणार आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची थोरली बहीण
नाशिक