सही करण्याआधी

सांगली,
९ ऑक्टोबर २०२५

चि. बाळास,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला. ज्यांच्या गाडीच्या दारावर आदळून तुझं मनगट मोडलं ते काका फळं घेऊन भेटायला आले, पंधरा हजार देतो म्हणाले, लिहून आणलेला कागद ठेवून गेले आणि तू म्हणतोस, "मिटवून टाकतो आई, माणसं चांगली आहेत." या गोष्टी फोनवर घाईत बोलण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहिते आहे. त्या कागदावर सही करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

तू पाठवलेल्या फोटोत कागदाची चौथी ओळ आहे. "सदर अपघात माझ्याच हयगयीने झाला असून माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही." पंधरा हजार या ओळीचे आहेत. १४ सप्टेंबरला, रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट उतरून तू साताऱ्याच्या राजपथाने सायकलवरून आपल्या बाजूने येत होतास. मोती चौकाजवळ उभ्या असलेल्या गाडीचं दार एकदम उघडलं आणि तू त्यावर आदळलास. यात तुझी हयगय कुठली? जे घडलं नाही ते सहीनिशी लिहून द्यायचं नाही, मग समोरचा कितीही भला असो.

ते काका भले असतील. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं, त्यांना मागचं दिसलं नाही, याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण तुला वाटतंय की दावा केला तर आपण त्या घरावर बोजा टाकतो. तसं नाही. प्रत्येक मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. रस्त्यावरच्या परक्या माणसाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनीने द्यायची, म्हणून ते दरवर्षी हप्ता भरतात. शारीरिक इजेच्या बाबतीत त्या विम्याला रकमेची मर्यादा नसते. दाव्यात मालकाचं नाव लागतं, नोटीस जाते, एवढा त्रास त्यांना होईल. पैसे त्यांच्या खिशातून जाणार नाहीत, विमा चालू असला तर. ते आधी बघून घे. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकलास की विम्याची मुदत दिसेल. विमा संपलेला निघाला तर सगळा भार मालकावर येतो, आणि मग एवढी घाई का चालली आहे ते तुलाच समजेल.

माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयात स्टेनो म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात, हे तुला माहीतच आहे. घरी मी तिथलं फारसं बोलले नाही. पण मिरजेकडच्या एका गवंड्याची साक्ष अजून डोळ्यांसमोर आहे. सायकलवरून कामाला जाताना टेम्पोने उडवलं होतं. दवाखान्यात असतानाच थोडे पैसे देऊन त्याच्याकडून असाच कागद करून घेतला होता. पुढे हाताला थापी फिरवता येईना तेव्हा त्याने दावा घातला. कंपनीच्या वकिलांनी कागद पुढे केला. ही सही तुमचीच का? हो. मजकूर वाचून केलीत का? तो हाताकडे बघत राहिला. न्यायाधीश साहेबांनी मला सांगितलं, लिहा, साक्षीदार उत्तर देत नाही. मी तेच टंकलं. असा कागद म्हणजे कायद्याने सगळं संपलं असं नाही, पण त्याचं उत्तर देता देता माणूस मेटाकुटीला येतो. तुझ्यावर ती पाळी येऊ नये.

आता तुझ्या हक्काचं काय आहे ते सांगते. मोटार वाहन कायद्यातली भरपाईची कलमं बदलली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यात कलम १६४ आहे. मोटारीच्या वापरातून अपघात होऊन गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये, मृत्यू झाला तर पाच लाख. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. आणि हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे, तुझ्या मनगटाचं हाड तर प्लेट बसवावी लागली इतकं मोडलंय. म्हणजे ज्या हाताचे ते पंधरा हजार देताहेत, त्याचे कायद्याने बिनवादाचे अडीच लाख आहेत.

कंपनीचा वकील एक मुद्दा काढेल, की गाडी तर उभी होती, इंजिन बंद होतं, मग हा मोटारीच्या वापरातला अपघात कसा? याचं उत्तर तुझ्याच जिल्ह्यातून गेलेलं आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला घासून उलटला. पेट्रोल सांडत राहिलं, आसपासचे लोक जमले आणि चारेक तासांनी स्फोट झाला. ४६ माणसं गेली. टँकर तर निपचित पडलेला होता, मग त्याचा वापर कसला, हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वाहन चालू नसलं, जागेवर पडलेलं असलं, तरी तो वाहनाचा वापरच. एका आईने आपल्या मुलासाठी लढलेली ती केस होती. आमच्या कोर्टात तो निकाल इतक्या वेळा वाचला जायचा की मला त्यातली वाक्यं पाठ झाली होती. गाडीतून उतरण्यासाठी दार उघडणं हा तर गाडीचा अगदी रोजचा वापर.

पण अडीच लाखांवरही लगेच हो म्हणू नकोस. ते स्वीकारलेस की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. दोन्ही मिळत नाहीत. मोठ्या दाव्यात चूक सिद्ध करावी लागते, वेळ जातो, पण तिथे तुझ्या हाताचा खरा हिशोब होतो. तो कसा करतात ते तुला कळायला हवं. तुझा पगार २२,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,६४,०००. वय २७, त्याला १७ चा गुणक, हे २००९ च्या सरला वर्मा निकालाने ठरवून दिलंय. समज, हाताच्या अधूपणाने तुझी कमावण्याची ताकद दहा टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाने, म्हणजे मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टाने, मानलं, तर वर्षाचे २६,४०० गुणिले १७, म्हणजे ४,४८,८००. त्यात पुढच्या पगारवाढीची टक्केवारी, औषधपाणी, बुडालेला पगार, सोसलेलं दुखणं, मोडलेली सायकल हे वेगळं. पण हात पूर्ण बरा झाला, आणि देव करो तसंच होवो, तर हा मोठा आकडा राहत नाही आणि मग अडीच लाखांचा रस्ताच बरा. म्हणून म्हणते, मनगट किती वळतंय हे कळेपर्यंत थांब.

मागच्या आठवड्यात मी आले होते तेव्हा तू डाव्या हाताने भाकरी मोडत होतास. उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचललास तो अर्ध्यात खाली ठेवलास, आणि मी बघितलं का हे बघितलंस. मी बघितलं होतं. तू सीएनसी मशीनवर काम करतोस, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा-काढायचा म्हणजे मनगटाचंच काम. कागदावर डॉक्टर अपंगत्व किती टक्के लिहितात आणि त्याने तुझ्या कामाचं किती नुकसान होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलंय. मशीनवरच्या माणसाचं मनगट आणि टेबलावरच्या माणसाचं मनगट सारखं मोजायचं नाही. तेव्हा कारखान्याकडून तुझ्या कामाचं स्वरूप लिहून घे, नुसती पगाराची स्लिप पुरत नाही.

थांब म्हणते ते तडजोडीला. दावा दाखल करायला थांबू नकोस. आता मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणजे १४ सप्टेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत. अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्यावर मिळतो, तो मागाहून देता येतो. दाखला नाही म्हणून लोक बसून राहतात आणि मुदत निघून जाते. तू साताऱ्यात राहतोस, अपघात तिथलाच, तेव्हा साताऱ्याच्याच न्यायाधिकरणात दाखल कर. वकील मी बघून देते. दवाखान्यात जो माणूस कार्ड देऊन "निम्मे तुमचे निम्मे आमचे" म्हणाला त्याच्याकडे जायचं नाही. मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला वकिलांना बार काउन्सिलच्या नियमाने मनाई आहे. पगार फुगवून दाखवायचा दाखला आणतो असं कोणी म्हटलं तर त्यालाही दारातूनच परत पाठव. उलटतपासात एक खोटा कागद उघडा पडला की त्याच्या शेजारचे चार खरे कागदही जातात. हे मी फार वेळा पाहिलंय.

पोलिसांचं काम मात्र मागे लागून करून घे. दवाखान्याने एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना द्यायची अपघाताची वर्दी, कळवली, हवालदारांनी जबाब घेतला, पंचनामा झाला, एवढं तू म्हणालास. नियमाप्रमाणे ४८ तासांत त्यांनी पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत. फिर्याद, पंचनामा, तुझा जबाब, सगळ्यांच्या नकला माग. पंचनाम्यात गाडीचं कुठलं दार उघडं होतं आणि सायकल रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर पडली होती ते आलंय का, हे स्वतः वाच. तिथल्या दुकानांचे कॅमेरे काही दिवसांत जुनं पुसून टाकतात. पोलिसांनी चित्रण घेतलं का ते उद्याच विचार, नसेल तर दुकानदारांना जाऊन भेट. सायकल अजून दुरुस्तीला टाकू नकोस. वाकलेला फोर्क, रिम, हँडल, सगळ्याचे फोटो काढ आणि दुकानातून दुरुस्तीचा अंदाज लेखी घे. सायकलचं नुकसानही याच दाव्यात मागता येतं.

विमा कंपनीचा तपासनीस येईल. त्याच्याशी नीट बोल, जे घडलं तेवढंच सांग. वेग विचारला आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, आकडा फेकू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, समोरच्याला बरं वाटावं म्हणून "माझंही थोडं लक्ष नव्हतं" म्हणशील. तसं नव्हतं ना? मग म्हणायचं नाही. त्या एका वाक्यावर तुझाही दोष धरून भरपाई कापतात. हेल्मेट होतं हे सांग, लायसन्स विचारलं तर सायकलला लागत नाही.

मेडिक्लेमचं प्रकरण त्या मानाने सोपं. तो तुझ्या कारखान्याचा विमा आहे, गाडीच्या विम्याशी त्याचा संबंध नाही. कॅशलेसमध्ये जे कापलं त्याचं कारण लेखी माग. घरी आल्यानंतरची औषधं आणि फिजिओथेरपी बहुतेक पॉलिसींत ६० दिवसांपर्यंत धरतात, डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर, म्हणून चिठ्ठी आणि बिलं जपून ठेव. अस्सल बिलं तिकडे देण्याआधी साक्षांकित झेरॉक्स काढ. न्यायाधिकरणात ती लागतात, आणि पैसे दिल्याचं कंपनीचं पत्रही लागतं. मेडिक्लेमने दिलं म्हणून गाडीच्या विम्यातून तेवढं वजा करा, असं पूर्वी कंपन्यांचे वकील भांडायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने याच वर्षी सांगितलंय की तसं वजा करता येत नाही. मेडिक्लेमवाल्यांनी अन्याय केला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याला विमा लोकपाल, तिथे फी लागत नाही. गाडीच्या विम्याचं मात्र लोकपालांकडे चालत नाही, तो विमा तुझा नाही.

बँकेतून वर्षाला वीस रुपये कापून जातात त्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचं तू विचारलं होतंस. मृत्यू आला, किंवा हात, पाय, डोळा कायमचा गेला तरच ते पैसे मिळतात. मोडलेल्या हाडाचे नाहीत. त्यात वेळ घालवू नकोस.

काकांना मी काय सांगू, असं तू विचारशील. खरं ते सांग. म्हण, तुमच्यावर माझा राग नाही, आईने सांगितलंय की विम्यातूनच रीतसर होऊ दे, तुम्ही कंपनीला अपघात कळवा आणि पॉलिसीची प्रत मला द्या. कंपनीला तडजोड करायचीच असेल तर ती न्यायाधिकरणापुढे नोंदवून होते किंवा लोकअदालतीत होते, चहा पिता पिता होत नाही. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर पुढे अपील नाही, म्हणून तिथेही हात बरा झाल्यावरच जायचं. आणि त्यांच्या वडिलांची चौकशी कर. त्या वयात असं काही हातून घडलं की माणूस मनाला लावून घेतो.

बाबा शनिवारच्या सकाळच्या एस.टी.ने निघताहेत. डब्यात बेसनाचे लाडू आहेत, आणि एक रिकामी फाइल. तोपर्यंत डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, सगळं एका जागी काढून ठेव. व्यायाम दुखला तरी सोडू नकोस, फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलंय तेवढा रोज कर. आणि तो कागद फाडू नकोस, तसाच फाइलला लाव, वकिलांना दाखवायचाय.

तुझी,
आई