पक्षाघाताच्या रुग्णाला घरी पाठवताना एवढं शिकवा : ठाण्याच्या आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दिव्यात घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायाम देते. रुग्णालयातून सुटी देतानाच्या कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ असं लिहिलेलं असतं. पण अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून उतरवून, रिक्षात बसवून कळव्याच्या रुग्णालयापर्यंत न्यायचं, तर घरातल्या दोघांचा रोज बुडतो. मग आठवड्यातून एखाददा व्यायाम होतो. बाकीचे दिवस तो हात उशीवर पडून राहतो. मला या बाकीच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. त्या दिवसांत घरीच, हालचाल मनातल्या मनात करून सराव करता येतो. तो सराव रुग्णाला घरी पाठवण्याआधी शिकवावा, एवढीच माझी विनंती आहे.

हालचाल नुसती मनात केली तरी ती आखणारे मेंदूचे भाग, म्हणजे प्रीमोटर कॉर्टेक्स, सप्लिमेंटरी मोटर एरिया, लहान मेंदू, कामाला लागतात. १९९५ मध्ये अल्व्हारो पास्कुआल-लिओने यांच्या गटाने पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक धडा दिला. काहींनी तो ५ दिवस, रोज २ तास वाजवला. काहींनी तेवढाच वेळ बोट न हलवता मनात वाजवला. बोटं चालवणारा मेंदूचा भाग दोघांचाही विस्तारला. मात्र मनात वाजवणारे पाचव्या दिवशी जिथे पोचले, तिथे खरं वाजवणारे तिसऱ्याच दिवशी होते.

पक्षाघातातही ही मर्यादा आहेच. २००७ मध्ये, पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या ३२ रुग्णांच्या चाचणीत व्यायामाला मनातल्या सरावाची जोड दिली, तेव्हा हात जास्त सुधारला. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या १२१ रुग्णांना हा सराव व्यायामापासून बराचसा सुटा दिला, तेव्हा फायदा दिसला नाही. म्हणून कळकळीने सांगते, फिजिओथेरपिस्टची पदं रिकामी ठेवायला हे निमित्त होऊ देऊ नका.

शिकवायला वेळ फार लागत नाही, पण नीट शिकवावं लागतं. टीव्हीत दुसऱ्याला बघावं तसं स्वतःला बघून उपयोग नाही. हात आतून जाणवायला हवा. स्टीलच्या पेल्याचा गारवा, मिटणारी बोटं, उचलताना खांद्यावर येणारा भार. पेला ओठाशी यायला खऱ्या हाताला लागतो तेवढाच वेळ मनातही लागू द्यायचा. आणि लगेच, चांगल्या हाताचा आधार देऊन, तीच हालचाल खरोखर करून बघायची. मेंदूच्या परायटल, म्हणजे वरच्या-मागच्या, भागाला इजा झालेल्या काहींना अशी कल्पना नीट करता येत नाही, त्यामुळे आधी तपासायला हवं.

सुरुवात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापासून करावी. सुटीआधी रुग्णाला आणि घरातल्या एकाला हे शिकवावं. सूचनांचं ध्वनिमुद्रण घरच्यांच्या मोबाइलवर द्यावं, मराठीत आणि हिंदीतही, कारण मुंब्र्याहूनही रुग्ण येतात. आशाताई फेरीला गेल्या की त्यांनी एवढंच विचारावं : मनातला सराव झाला का, आणि त्यानंतर हात हलवला का? ध्वनिमुद्रणासाठी लागेल तो मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे.

आपली,
दिव्यातील एक फिजिओथेरपिस्ट