आपापसात मिटवण्याआधी

मुंबई, बुधवार सकाळ

चि. अनिरुद्ध यास,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर तुझी गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळली, चूक तुझीच होती, आणि ते गृहस्थ रोख तीस हजार घेऊन प्रकरण मिटवायला तयार आहेत, एवढे तू रात्री सांगितलेस. चूक मान्य करताना तू आढेवेढे घेतले नाहीस, हे मला आवडले. पैसे मात्र आज देऊ नकोस. माझी सारी नोकरी मोटार क्लेमच्या टेबलावर गेली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तू सहज बोलून गेलास की रात्री त्यांचा फोन आला तेव्हा मान आखडल्याचे ते म्हणाले. माझे लक्ष तीस हजारांपेक्षा त्या मानेकडे आहे. नुसता बंपर आणि डिकीचा पत्रा असता तर आपापसात मिटवण्यात काही गैर नव्हते. शरीराला दुखापत असेल तर तो विषय पोलीस आणि न्यायालय यांच्या अखत्यारीत जातो, आणि दोघांनी सही केलेल्या कागदाने तो संपत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला जखमी व्यक्तीला सहा महिन्यांची मुदत असते. म्हणजे आज रोख घेऊन गेलेला माणूस उद्या डॉक्टरांचे कागद घेऊन तिथे उभा राहू शकतो. तेव्हा आधी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांग, जमल्यास स्वतः सोबत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे ही चालकाचीच जबाबदारी आहे. ती मुदत आज संध्याकाळी संपते, म्हणून हे पत्र फोनवर पाठवते आहे.

दुखापतीचा पैसा खिशातून देऊ नकोस, असे मी बजावून सांगते. तू दरवर्षी थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या हानीच्या विम्याचा, हप्ता भरतोस तो त्यासाठीच, आणि दुखापतीच्या भरपाईला त्या विम्यात रकमेची मर्यादा नाही. पॉलिसीत एक अट असते, ती सहसा कोणी वाचत नाही: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचे वचनही द्यायचे नाही. तू परस्पर रक्कम मोजलीस की पुढच्या दाव्यात हात वर करायला कंपनीला निमित्त मिळते.

मान ठीक निघाली आणि कंपनीने लेखी संमती दिली, तर गाडीचे पाहू. त्या गृहस्थांकडे सर्वसमावेशक विमा (स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा) असेल तर ते स्वतःच्या पॉलिसीवर दुरुस्ती करून घेऊ शकतात. तसे केल्यास त्यांचे नुकसान म्हणजे सक्तीची वजावट (क्लेममधली मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम), प्लास्टिकच्या भागांवर झिजेपोटी कापला जाणारा ५० टक्के घसारा (तो न कापण्याची 'झिरो डेप' ही जादा सोय घेतली नसल्यास) आणि बुडालेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तेवढाच फरक तू भरून दे. कंपनीकडूनही पूर्ण आणि तुझ्याकडूनही पूर्ण, असे व्हायला नको. त्यांना क्लेम करायचाच नसेल तर गॅरेजच्या एस्टिमेटवर नव्हे, बिलावर पैसे दे, तेही थेट गॅरेजच्या खात्यात. 'गाडीच्या नुकसानीपोटी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशी पावती तारीख आणि गाडी क्रमांकासह घे. लायसन्स किंवा आरसी कोणाच्याही हाती ठेवू नकोस. कोऱ्या कागदावर सही करण्याचा प्रश्नच येत नाही.

तुझ्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. तुला ५० टक्के बोनस आहे. एक क्लेम केलास की तो शून्यावर येतो आणि मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० होतो. त्या वर्षांतला फरक जोडलास तर ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) मूळ हप्त्याच्या सुमारे सव्वापट रक्कम जाते. हप्ता १२ हजार असेल तर १५ हजार. दुरुस्ती त्याच्या आत बसली तर खिशातून कर. क्लेम करायचा की नाही हे ठरेपर्यंत गाडी दुरुस्तीला देऊ नकोस, कारण सर्व्हेअरने (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी काम सुरू झाले तर क्लेम अडचणीत येतो.

पॉलिसीची प्रत आणि अपघाताचे फोटो मला दुपारपर्यंत पाठव. कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून ठेवते.

तुझी,
आई